जावयाच्या वाडग्यातला कोंबडा

लग्नासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेले चौरंग अजून परत करून झाले नव्हते, तोच सांगावा आला की धाकटी लेक युनही येत्या रविवारी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी येते आहे. सांगावा ऐकून तिचा बाप फानसुल योम ओसरीवर जरा ताठ होऊन बसला. आई ओकबुन मात्र तडक परसात गेली, खुराड्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आता गं बाई?"

खुराड्यातल्या बाईने उत्तर दिलं नाही. ती अंडी उबवत रवणाला बसली होती.

आमच्याकडे जावई पहिल्यांदा घरी आला की सासूने बियाण्याची कोंबडी मारायची असते. बियाण्याची म्हणजे घरातली सगळ्यात चांगली, भरपूर अंडी देणारी आणि नेटाने उबवणारी, जिच्या जिवावर पुढच्या वर्षीचं खुराडं उभं राहायचं ती. लंगडी किंवा म्हातारी चालत नाही, विकत आणलेली तर मुळीच नाही. सासूने आपलं नुकसान करून घेतलं तरच तो जावयाचा मान. कोंबडा शिजवला तर मुलीला जन्मभर सासरी ऐकून घ्यावं लागतं.

ही रीत कोणी काढली ठाऊक नाही, पण त्याला मुली नसाव्यात. योमांच्या घरात या रीतीने काय केलं ते परसात जाऊन कोणीही बघावं. थोरला जावई कू तालुक्याच्या कचेरीत साहेब होता. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कोंबडी मिळाली, इथपर्यंत ठीक होतं. पण कूला ती रीत फारच आवडली. तो सणाला आला, बढती मिळाली म्हणून आला, बढती हुकली म्हणून मन रमवायला आला, सासऱ्याची दाढ दुखते म्हणून विचारपूस करायला आला. खुराड्यात एखादी तरणी तलंग अंड्यावर यायला लागली की कूला कचेरीत बसल्याबसल्या सासूची आठवण यायची. अशा रीतीने एक सोडून घरातल्या सगळ्या माद्या मानापानात संपल्या आणि कोंबडे तेवढे उरले, कारण कोंबडा खाण्यासाठी कोणतीच रीत नव्हती. फानसुल म्हणायचा, "घराला कोंबडा शोभतो." अशी शोभा आता परसात अर्धा डझन तरी होती. ती दिवसभर आरवायची, एकमेकांची डोकी फोडायची आणि सगळी मिळून एका कोंबडीच्या मागे लागायची. बिचारीच्या पाठीवर पीस राहिलं नव्हतं. ती खुडूक झाली आणि अंड्यांवर जाऊन बसली, तेव्हा घरातल्या सुनेला, सुनदोकला, वाटलं की हिने निदान आपल्यापुरती सुटका करून घेतली.

"तिला काय विचारताय आई, ती काही उठायची नाही," सुनदोक मागून म्हणाली.

"सुरी बघितली की सगळे उठतात."

"अंड्यांत जीव धरलाय. मी दिव्यापुढे धरून बघितली. आता थोडेच दिवस राहिलेत."

"तुझा जीव कशात अडकलाय ते मला माहीत आहे," ओकबुन म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, एवढं टोचून बोलायला नको होतं.

कारण शब्द तिचाच होता. सुनदोकच्या वडिलांची साठी या महिनाअखेरीला होती. आमच्याकडे साठी म्हणजे लेकीसुनांनी वाकून नमस्कार करायचा, खायचं-प्यायचं, म्हाताऱ्याने डोळे पुसायचे. थोरली नात पोटात होती तेव्हापासून सुनदोक माहेरी गेली नव्हती. दर वेळी काहीतरी निघायचं, आणि काही निघालं नाही तर ओकबुन म्हणायची, "रिकाम्या हाताने कसं पाठवू तुला?" या खेपेला तीच म्हणाली होती, "पिल्लं निघू देत. डालगं भरून घेऊन जा." तेव्हापासून सुनदोक स्वतःच्या पोरींपेक्षा त्या कोंबडीची जास्त काळजी घेत होती. कोंबडी गेली तर अंडी गेली, अंडी गेली तर माहेर गेलं, हे तिला पक्कं कळत होतं.

जेवताना फानसुलने निकाल दिला. "कोंबडीच. योमांनी जावयाला कोंबडा घातला असं कोणी म्हणालं तर वर गेल्यावर मी वडिलांना काय तोंड दाखवू?"

"त्यांना सांगा, खुराड्यात दुसरं काही नव्हतं."

"का नव्हतं म्हणून विचारतील."

"मग थोरल्या जावयाचं नाव सांगा," ओकबुन म्हणाली आणि किमचीचा वाडगा त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुनदोकने भाजी निवडता निवडता सहज विषय काढल्यासारखं केलं. "आई, खुडूक कोंबडीच्या पोटात बलक नसतात ना?"

ओकबुनने भाजी खाली ठेवली. अंडी देणारी कोंबडी कापली की पोटात लहानमोठ्या बलकांचा घोस सापडतो. सासूने तो अख्खा घोस स्वतःच्या हाताने जावयाच्या वाडग्यात सोडायचा, हीच खरी त्या जेवणातली शोभा. पण रवणाला बसलेली कोंबडी अंडी देणं थांबवते. पोट रिकामं, मांस वाळलेलं. रीत पाळून खरीखुरी बियाण्याची कोंबडी शिजवली असती तरी वाडग्यात बलक नाहीत म्हटल्यावर नव्या जावयाला वाटलं असतं, सासूने म्हातारी उरकली.

"म्हणजे मारून वर नाचक्की," ओकबुन म्हणाली.

"कोंबडा सकाळपासून शिजत ठेवला तर मऊ होतो. चिकट तांदूळ, लसूण, बोरं, जिनसेंग भरपूर घालू. मुंडी, तुरा, पंजे काढून टाकू. शेजारून अंडी आणते, त्यांचे नुसते बलक रश्शात हळूच सोडले की गोल होतात."

ओकबुनने सुनेकडे नीट बघितलं. इतकी वर्षं ही पोर खाली मान घालून फिरते आणि मानेच्या वरच्या भागात हे चाललेलं असतं! "यांना कळलं तर?"

"बाबांना? बाबांना कोंबड्यांचा अभिमान आहे आई, ओळख नाही."

त्या दिवशी योमांच्या घरात सासू-सून पहिल्यांदा एका बाजूला आल्या.

*

रविवारी उजाडताच सुनदोकने नवऱ्याला परसात पाठवलं. दोंगगू हा घरातला एकुलता मुलगा. तो कोणाला नाही म्हणत नसे, म्हणून सगळी कामं त्याच्याकडे यायची.

"आईला सांगितलंस?" त्याने कोंबडा बगलेत दाबून विचारलं.

"आईंनीच सांगितलंय."

"आणि बाबांना?"

"तुम्हाला सांगायचंय?"

दोंगगूने कोंबड्याची मान पिरगाळली आणि विषय संपला.

कोंबडीला तिच्या टोपलीसकट उचलून सुनदोकने लाकडांच्या रचाईमागे नेलं आणि वर डालगं पालथं घातलं. रवणाला बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. दाणा खाते, पाणी पिते, साठवून ठेवलेलं सगळं एका जागी टाकते आणि पळत परत येते. पाहुणे येण्याआधी तिला एकदा मोकळं सोडायचं, असं सुनदोकने ठरवलं होतं. पण पाहुण्यांच्या आधी कू आला.

त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "नवे जावई येतायत, म्हटलं ओळख करून घ्यावी." ओळख कोणाशी करून घ्यायची होती ते त्याच्या नाकपुड्यांवरून कळत होतं.

त्याची बायको इनसुक, घरातली थोरली मुलगी, सरळ स्वयंपाकघरात शिरली. चुलीच्या राखेतून एक लांबलचक तांबूस पीस तिने उचललं आणि दिव्याच्या वातीसारखं बोटांत धरलं. "सुनदोक, ही कोंबडी शेपटी फुगवून नाचायची का गं?"

सुनदोकच्या हातातला डाव हंड्यात पडला. ओकबुन म्हणाली, "हळू बोल. खुडूक आहे ती. रवणाला बसलीय."

इनसुकच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. गेले काही दिवस तिला झोप नव्हती. धाकटीचं लग्न तिच्यापेक्षा थाटात झालं होतं, धाकटीला रुखवतात शिवणयंत्र मिळालं होतं, आणि आता धाकटीच्या नवऱ्याला कोंबडा! "आई, बरोबर केलंस," ती म्हणाली. "अंड्यांवरची कोंबडी मारायची म्हणजे काय? पाप नाही का? सरक गं सुनदोक, बलक मी सोडते. तुझ्या हाताने फुटतील."

आणि तिने खरंच सुंदर बलक सोडले. एकही फुटला नाही. स्वयंपाकघरात आता तिघी एका बाजूला होत्या आणि इतका एकोपा या घराला नवीन होता.

*

ओसरीवर फानसुल धाकट्या जावयाची परीक्षा घेत होता. प्यो हा बारीक अंगाचा, लांब बोटांचा, हळू बोलणारा तरुण होता. युनही दाराशी बसून त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, त्याने काय म्हणायचं ते आधी ठरल्यासारखी.

"तुम्ही कोंबड्यांच्या कारखान्यात आहात म्हणे," फानसुल म्हणाला.

"अंडी उबवण्याचं केंद्र आहे, बाबा. मी पिल्लं निवडतो."

"चांगली-वाईट?"

"नाही. मादी या टोपलीत, नर त्या टोपलीत. जन्मल्या दिवशीच बघावं लागतं."

"जन्मल्या दिवशी काय दिसतं? कुठून बघता?"

प्योने आपल्या बोटांकडे बघितलं. "मागून."

कू खोकला. युनहीने मान हलवायचं थांबवलं.

"बरं. निवडल्यावर पुढे?"

"माद्या शेतकऱ्यांकडे जातात."

"आणि नर?"

नेमके तेव्हाच परसातले उरलेले कोंबडे एकामागून एक आरवले. प्यो त्यांचं सगळ्यांचं होईपर्यंत थांबला. तो मुळात सभ्य माणूस होता. "नरांना गिऱ्हाईक नसतं, बाबा. ते पुढे जात नाहीत."

"पुढे जात नाहीत?" फानसुलची चिलीम हातात राहिली. "नर पुढे जात नाहीत, मग घराणं पुढे कोण नेतं?"

"अंडी," प्यो म्हणाला.

फानसुलने ऐकू न आल्यासारखं केलं. जगात अशी एक जागा आहे जिथे रोज हजारो पोरांना बघून माणसं 'नको' म्हणतात, हे त्याच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. स्वयंपाकघरात सुनदोकने मात्र प्रत्येक शब्द ऐकला. तिला दोन्ही मुलीच होत्या, आणि त्याबद्दल या ओसरीवरून जे जे आलं ते ते तिने गिळलं होतं. या नव्या, लांब बोटांच्या माणसाविषयी तिला एकदम इतकी माया वाटली की त्याच्यासाठी कोंबडा शिजतोय याचं वाईट वाटलं.

*

"आमच्या ह्यांचं काय शिजतंय?" इनसुकने वाडगे पुसता पुसता विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यांना काय वाढणार? वेगळं काहीतरी असेल ना."

"वन्सं, हंडा एकच आहे," सुनदोक म्हणाली.

इनसुकने फडकं खाली ठेवलं. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "म्हणजे ह्यांनाही कोंबडा? साहेब आहेत ते!"

"इतकी वर्षं कोंबड्याच खाल्ल्यात त्यांनी. एक दिवस चालेल," ओकबुन म्हणाली.

"बरं, मग बलक तरी ह्यांना अर्धे."

"बलक पहिल्यांदा येणाऱ्याला. तुझा पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाच दिले होते सगळे."

"तेव्हा मोजून चार निघाले होते! आणि याला शेजारून आणून? आई, तू माझ्या वेळी गेली होतीस का शेजारी?"

ओकबुन चिडली. "थोरलीसारखं वाग जरा. दुसरी तंगडी देते त्यांना, झालं?"

इनसुक मागच्या दाराने परसात गेली. ती रागाने रडायला गेली असेल असं दोघींना वाटलं. खरं तर तिलाही तसंच वाटलं होतं. पण लाकडांच्या रचाईशी पोचल्यावर तिला डालग्याखालून कुडकुड ऐकू आली. आतल्या कोंबडीची वेळ झाली होती, तिला अगदी धीर धरवत नव्हता. इनसुकने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डालगं उचलून बाजूला ठेवलं आणि आत येऊन हात धुतले. तिच्या मते तिने एका मुक्या जिवावर दया केली होती.

*

जेवण मांडलं. फानसुल, कू आणि प्यो एका चौरंगाला, दोंगगू त्याच्या नेहमीच्या छोट्या चौरंगाला कोपऱ्यात. ओकबुनने रीतीप्रमाणे स्वतः येऊन बलक प्योच्या वाडग्यात सोडले. पिवळेधमक, टपोरे गोळे बघून युनहीचा चेहरा उजळला. तिच्या सासूने निघताना एकच विचारलं होतं, "तुझी आई कोंबडी मारेल ना?"

"घ्या जावईबापू," फानसुल म्हणाला. "आमची बियाण्याची कोंबडी. हिच्यासारखी सात गावांत नाही. आमच्या हिचा फार जीव होता हिच्यावर. पण मी म्हटलं, जावयापुढे कोंबडी काय चीज आहे."

सगळ्यांनी घास घेतला. सगळे चावू लागले. बराच वेळ कोणी बोललं नाही, कारण बोलता येत नव्हतं.

"फार मऊ आहे," प्यो म्हणाला आणि दातातला धागा जिभेने काढायचा प्रयत्न करू लागला. एक दिवसाच्या पिल्लाबद्दल त्याला सगळं कळत होतं. त्यापुढच्या आयुष्याबद्दल काहीच नाही.

कूचं तसं नव्हतं. सासुरवाडीच्या कोंबड्यांचा त्याच्याइतका अनुभव जिल्ह्यात कोणाला नव्हता. त्याने तंगडी उलटीसुलटी करून बघितली. मग शेजारच्या वाडग्यात वाकून बघितलं. खऱ्या घोसात एक बलक मोठा, एक त्याहून लहान, शेवटचे वाटाण्याएवढे. हे सगळे एका मापाचे. 'प्योला दिसत नाही, पण मला दिसतं,' असा एक गोड आनंद त्याला झाला. रोज पिल्लं बघणारा पुढ्यात असताना कचेरीतल्या माणसाने चोरी पकडावी, यासारखं सुख नाही.

"सासूबाई," त्याने तोंड पुसून विचारलं, "ही कोंबडी आरवायची का हो?"

ओकबुन काहीतरी सांगायला वळली. पण तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

परसाच्या कोपऱ्यावरून सात गावांत नसलेली बियाण्याची कोंबडी आली. अंगावरची उरलीसुरली सगळी पिसं फुगवलेली, शेपटीचा पंखा केलेला, तोंडाने कुडुक कुडुक चाललेलं. ती सरळ ओसरीपुढून गेली, कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी प्याली. शोभेचे कोंबडे धावत आले, त्यातल्या पहिल्याच्या डोक्यात तिने अशी चोच घातली की बाकीचे जागच्या जागी थांबले. मग ती धुण्याच्या दगडावर चढली आणि दिवसाचं साठवलेलं सगळं तिथे टाकलं. त्याचा वास ओसरीपर्यंत आला.

फानसुलचा हात घासासकट हवेत राहिला होता.

"ती मादी आहे," प्यो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण हातची सवय.

मग सगळे एकदम बोलू लागले. युनही रडत म्हणाली, "आता मी सासूबाईंना काय सांगू?" इनसुक म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी." कू म्हणाला, "जाऊ दे, जाऊ दे," आणि जाऊ दिलं नाही. फानसुल उभा राहिला. "घरात मला फसवतात? माझ्या ओसरीवर? दोंगगू, धर तिला! आत्ताच्या आत्ता. रात्रीच्या जेवणाला तीच पाहिजे मला."

दोंगगू उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. कारण स्वयंपाकघरातून सुनदोक बाहेर आली होती आणि कोंबडीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली होती. हातात हंड्यातला डाव तसाच होता.

"हिला मारलं तर अंडी गार होतील," ती म्हणाली. ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. "आणि मला माहेरी जायचंय."

"माहेर कुठे पळून चाललंय?" फानसुल ओरडला.

"माहेर नाही पळत. वडील साठीला आले. माझ्या लग्नाच्या वर्षी बांध फुटला, म्हणून हे पहिल्यांदा सासरी जायचे राहिले, ते राहिलेच. आई माझी तेव्हापासून यांच्यासाठी कोंबडी राखून आहे. एक म्हातारी होऊन मेली, तिने दुसरी राखली. या घरात जावई येतात. या घरातून कोणी जावई होऊन जायचंच नाही का?"

दोंगगू तिच्याकडे बघत राहिला. आपण कोणाचे तरी जावई आहोत ही गोष्ट त्याला खरोखरच पहिल्यांदा सुचत होती. कुठल्यातरी चौरंगाशी, मधोमध, आपल्याला बसवतील. आपल्या वाडग्यात कोणी बलक सोडेल.

ओकबुनला मात्र आपली आई दिसली. फानसुल तिच्याकडे एकदाच गेला होता. कोंबडी खाऊन, बोटं चाटून म्हणाला होता, रस्सा जरा खारट झालाय. आणि आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गळ्याचं हाड चोखत होती आणि खूश होती, जावयाने दुसऱ्यांदा मागून घेतलं म्हणून. ओकबुनला तेव्हा आईचाच राग आला होता. आज इतक्या वर्षांनी तो राग पुन्हा वर आला, पण या वेळी तो जिथे जायला हवा होता तिथे गेला.

ती ओसरीवरून खाली उतरली, कोंबडीला दोन्ही हातांनी उचललं, चोची खात रचाईमागे नेलं, अंड्यांवर बसवलं आणि परत आली. "दोंगगू, उद्या सकाळी बायकोमुलींना घेऊन सासरी जा. पिल्लांची वाट बघू नको. साठी करूनच ये."

"रिकाम्या हाताने?" हे तिचंच वाक्य फानसुलने तिच्या अंगावर फेकलं.

"रिकाम्या कशाला? हवे तेवढे कोंबडे बांधून ने रे."

"आणि भाताची रोपं कोण लावणार? ऐन लावणीत घरचा माणूस जावई होऊन बसायला निघाला!"

"तुम्ही आहात. कू जावई आहेत. प्यो जावई आहेत," ओकबुन म्हणाली. "परसात एवढे आरवतायत, ओसरीवर तिघं. एक कमी झाला तर आरवण्यात काही खंड पडायचा नाही."

प्यो हसला. मग सासऱ्याचं तोंड बघून त्याने हसणं रश्शाबरोबर गिळलं आणि म्हणाला, "मी थांबतो आई. मला लावणी येते." युनही म्हणाली, "जावई चिखलात उतरणार?" आणि त्याच्या बाहीला धरून त्याला आत घेऊन गेली. आतून बराच वेळ तिची कुजबुज ऐकू येत होती. कूला तालुक्याच्या कचेरीत उद्या सकाळी फार मोठी बैठक असल्याचं आठवलं. इनसुकने जाताना आईला वाकून नमस्कार केला नाही. पण उरलेला कोंबडा डब्यात भरून नेला.

*

संध्याकाळी विहिरीपाशी सुनदोक हंडा घासत होती. पोरींना सांगून झालं होतं, धाकटीला ही दुसरी आजी म्हणजे कोण ते कळलं नव्हतं तरी ती नाचत होती. सुनदोक मधेच हसायची आणि मधेच बाहीने डोळे पुसायची. दोंगगू दोन कोंबड्यांचे पाय गवताच्या दोरीने बांधत शेजारी बसला होता. तो कधी नव्हे ते गुणगुणत होता.

"तुझी आई खरंच मारेल?" त्याने विचारलं.

"काय?"

"कोंबडी."

"मारेल म्हणजे? कधीची वाट बघतेय!"

दोंगगूने गाठ मारली. मग म्हणाला, "पण दिवस रवणाचेच आहेत. तिकडची पण बसली असेल तर?"

सुनदोकने हंडा खाली ठेवला. माहेरचं खुराडं आता तिच्या वहिनीकडे होतं. भावाची बायको, सुनदोकने तिला लग्नात पाहिली तेवढीच. लांबच्या गावची होती. तीही कित्येक दिवसांत माहेरी गेली नसेल. क्षणभर सुनदोकला ती दिसली, डालग्याशी उभी असलेली, हातात डाव घेतलेली.

मग तिने बुडाला लागलेला भात नखाने खरवडला आणि पुन्हा जोरात घासायला लागली.

"बसली असेल तर बसली असेल," ती म्हणाली. "माझा नवरा पहिल्यांदा सासरी चाललाय. कोंबडा वाढून तर बघू दे तिला."